क्राफ्ट बिअर चाखायची कशी आणि चव सांगायची कशी

शनिवारी संध्याकाळी पुण्यातल्या कुठल्याही मायक्रोब्रुअरीत बसा. लाकडी पट्टीवर मांडलेले छोटे ग्लास, म्हणजे ‘टेस्टिंग फ्लाइट’, टेबलावर येतात. पाच मिनिटांत ते सगळे हातोहात फिरतात आणि निकाल लागतो: ‘ही भारी’, ‘ही कडू’, ‘ही पाणचट’. सोबत मसाला शेंगदाणे चालूच असतात. काळी दिसते म्हणून सगळ्यात आधी स्टाउट संपते. ज्या व्हीट बिअरमध्ये खरं तर केळं आणि लवंग आहे, ती शेवटी हातात येते आणि ‘हिला काही चवच नाही’ असा शेरा घेऊन परत जाते.

यात जिभेचा दोष नाही. क्रम चुकलेला असतो, बिअर फार गार असते, नाकाला कामच दिलेलं नसतं आणि काय लागलं हे बघायच्या आधीच आवडलं की नाही ते ठरवून टाकलेलं असतं. खालचे टप्पे आहेत त्या क्रमानं घ्या. घरी आणि टॅपरूममध्ये (म्हणजे ब्रुअरीतली बसून प्यायची जागा) पद्धत एकच आहे. फरक असेल तिथे तसं लिहिलंय.

## टप्पा १: बिअर निवडा, चारच

एका बैठकीत चारपेक्षा जास्त नकोत. पाचवीपासून नाक थकतं, आणि डोकंही थोडं हलकं झालेलं असतं. प्रत्येकीची ७० ते ८० मिलि पुरते. वास घेऊन तीन-चार घोट होतात.

पहिल्यांदा बसत असाल तर एकमेकींपासून लांबच्या चार घ्या:

- एक साधी लागर किंवा पिल्सनर. किंगफिशरसारखी ओळखीची असली तरी चालेल. हिच्याशी बाकीच्या तिघी ताडून बघायच्या.
- एक व्हीट बिअर: हेफेवायझन किंवा विटबिअर.
- एक आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल: हॉप्सचा वास आणि कडूपणा ठळक असलेली. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं.
- एक स्टाउट किंवा पोर्टर: भाजलेल्या धान्याच्या गडद, काळपट बिअर.

हेफेवायझन आणि विटबिअर या दोन्ही गव्हाच्या आणि दोन्ही धुरकट, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल खरोखर घातलेली असते. हेफेवायझनमध्ये वरून काहीही घातलेलं नसतं. केळं आणि लवंग यीस्टनं केलेली असतात. फ्लाइटमध्ये अॅपल सायडर असेल तर ते बाजूला ठेवा. ते सफरचंदाच्या रसापासून होतं, बिअर नाही, आणि त्याचा आंबट-गोडपणा पुढच्या घोटाची वाट लावतो.

तपासा: कॅन किंवा बाटली घेताना तारीख बघा, विशेषतः आयपीएची. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो. सहा महिने दुकानाच्या शेल्फवर उभी राहिलेली आयपीए चाखून ‘आयपीए म्हणजे नुसती कडू’ असं मत बनवू नका.

## टप्पा २: नाक आणि तोंड मोकळं करा

चाखण्याआधी निदान एक तास पान, बडीशेप, मिंट, कॉफी, सिगारेट बंद. दातही तेवढ्याच आधी घासलेले हवेत. अत्तर, डिओ, सुवासिक केसतेल त्या दिवशी नको. घरी असाल तर खोलीत उदबत्ती नको आणि स्वयंपाकघरात फोडणी नको. कांदा चिरला असेल तर हात नुसते धुऊन भागत नाही, कारण ग्लास नाकाशी नेताना बोटंही नाकाशी जातात.

बरोबर खायला साधा पाव किंवा बिनमिठाचे कुरमुरे ठेवा. चकणा पूर्ण चाखणं झाल्यावर. तिखटानं जीभ चुरचुरायला लागली की कडूपणा आणि बुडबुडे दोन्ही जास्त टोचतात, आणि ते खापर बिअरवर फुटतं. पाणी साधं, खोलीच्या तापमानाचं आणि गाळलेलं घ्या. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो. तोच पुढे ग्लासात सापडतो आणि ‘औषधी झाक’ म्हणून वहीत उतरतो.

सर्दी झाली असेल तर बेत पुढे ढकला. त्यावर दुसरा इलाज नाही.

जपून: चार ग्लास छोटे असले तरी सगळं मिळून एका छोट्या बाटलीइतकी बिअर होते. गाडी चालवताना कायद्यानं १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. रिक्षानं जा.

## टप्पा ३: ग्लास

काचेचा, पारदर्शक, तोंडाशी थोडा निमुळता असेल तर उत्तम. वाइनचा ग्लास झकास चालतो. स्टीलचा पेला किंवा कागदी कप नको.

ग्लास अगदी कमी साबणानं धुवा, भरपूर पाण्यानं खळबळा आणि जाळीवर उपडा ठेवून वाळवा. फडक्यानं पुसू नका. फडक्याचा तेलकटपणा फेस मारतो आणि कपाटातल्या फडक्याचा कुबट वास ग्लासात उतरतो. दुधासाठी वापरलेले ग्लास तर नकोतच, त्यातली स्निग्धता सहज निघत नाही.

तपासा: ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला ठिकठिकाणी बुडबुडे चिकटून बसले, तर तिथे तेल किंवा साबण राहिलाय. स्वच्छ ग्लासात बुडबुडे वर जातात आणि पिताना फेसाच्या रेघा काचेवर उमटत जातात. टॅपरूममध्ये असे चिकटलेले बुडबुडे दिसले तर ग्लास बदलून मागा. कोणी वाईट मानत नाही.

बर्फाळलेला, वाफ सुटलेला ग्लास फोटोत छान दिसतो. चाखायला तो कुचकामी. नको म्हणून सांगा.

## टप्पा ४: तापमान

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. बर्फासारख्या गार बिअरमधून वास वर येत नाही, जीभही बधिर होते. ‘चिल्ड’ हा तहानेसाठीचा सल्ला आहे, चाखण्यासाठीचा नाही.

ढोबळ आकडे असे: पिल्सनर-लागर ५ ते ७ अंश सेल्सिअस, व्हीट बिअर ६ ते ८, आयपीए ७ ते १०, स्टाउट-पोर्टर १० ते १३. घरचा फ्रीज साधारण ४ अंशांवर असतो. म्हणजे लागर काढली की लगेच ओता, व्हीट पाच मिनिटं थांबवा, आयपीए दहा मिनिटं, स्टाउट वीस मिनिटं. एप्रिल-मे महिन्यात या वेळा निम्म्या करा. टॅपरूममध्ये फ्लाइट एकदम येते. तिथे वेगळं काही करायचं नाही. नीट क्रमानं गेलात तर स्टाउटची पाळी येईपर्यंत ती आपोआप हव्या तापमानाला आलेली असते.

## टप्पा ५: क्रम लावा

हलकीकडून भारीकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. आपल्या चौघींसाठी: लागर, व्हीट, आयपीए, स्टाउट.

रंगावरून क्रम लावू नका. फिकट दिसणारी डबल आयपीए आठ टक्के अल्कोहोलची आणि जिभेवर ठाण मांडून बसणारी असू शकते, आणि काळीभोर ड्राय स्टाउट चार-साडेचार टक्क्यांची असते. मेन्यूकार्डावरचे दोन आकडे बघा: एबीव्ही म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, आणि आयबीयू म्हणजे कडूपणाचं माप. आयबीयूवरही आंधळा विश्वास नको. ४० आयबीयूची गोडसर स्टाउट ४० आयबीयूच्या कोरड्या पिल्सनरपेक्षा कमी कडू लागते, कारण माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा कडूपणा झाकतो.

आंबट बिअर, उदाहरणार्थ कोकम घातलेली गोजे, असेल तर ती व्हीटनंतर आणि आयपीएच्या आधी. धुराच्या चवीची असेल तर सगळ्यात शेवटी.

आकडे बघून झाले की मेन्यूकार्ड उलटं ठेवा. ‘आंबा आणि पॅशनफ्रूटचा दरवळ’ असं एकदा वाचलंत की तुम्हाला आंबाच लागणार.

## टप्पा ६: ओता आणि बघा

ग्लास तिरका धरून अर्धा भरा, मग सरळ करून मध्यभागी ओता. दोन बोटं फेस यायला हवा. फेस म्हणजे फसवणूक असं समजणारे अजून आहेत, पण वास त्या फेसातूनच वर येतो. बाटलीतली हेफेवायझन असेल तर दोन तृतीयांश ओता, उरलेली बाटलीतच गोल फिरवा आणि तळाच्या यीस्टसकट ओता.

मग बघा: रंग, धुरकटपणा, फेस किती टिकतो. दहा सेकंद पुरे. बीजेसीपी ही बिअर परीक्षकांची अमेरिकन संस्था ५० गुणांपैकी दिसण्याला फक्त ३ देते. वासाला १२, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १० असतात. आपल्याकडे मात्र निम्मा वेळ ग्लास उजेडाकडे धरून फोटो काढण्यात जातो.

## टप्पा ७: वास, तीन वेळा

घोट अजून घ्यायचा नाही.

पहिला वास ओतल्या ओतल्या घ्या. ग्लास नाकापासून वीतभर खाली धरून हळूच जवळ आणा. काही वास पहिल्या मिनिटातच उडून जातात. गंधकाची झाक अशीच असते, काही लागरमध्ये ती येते आणि जाते.

दुसरा वास घेताना ग्लासवर तळहात ठेवा, दोनदा गोल फिरवा, हात काढा आणि दोन-तीन छोटे श्वास ओढा. एकच लांब श्वास ओढला तर नाक लगेच सरावतं आणि पुढे काही कळेनासं होतं.

तिसऱ्याआधी नाकाला विसावा द्या. आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा किंवा बाहीचा वास घ्या. तो ओळखीचा असल्यामुळे नाक पुन्हा शून्यावर येतं. कॉफीच्या बिया हुंगू नका. तो आणखी एक उग्र वास होतो.

प्रत्येक वासानंतर लगेच लिहा. दोन शब्द, अर्धवट वाक्य, काहीही. आणि तोंडानं बोलू नका. टेबलावर एकानं ‘मला लिची वाटतेय’ म्हटलं की सगळ्यांना लिची वाटते. सगळ्यांची वही भरल्यावरच चर्चा.

काहीच सुचत नसेल तर नाकाला एकेक प्रश्न विचारा. पाव किंवा धान्य आहे का? फळ आहे का? फूल, पाला, गवत? मसाला? भाजल्याचा, करपल्याचा? ‘नाही’ हेही उत्तर लिहायचं. ‘हॉप्सचा वास नाही’ ही चांगली नोंद आहे.

## टप्पा ८: घोट

मोठ्या चमच्याइतकी, साधारण १५ ते २० मिलि बिअर तोंडात घ्या. जिभेच्या कडांना, टाळूला लागू द्या. तीन-चार सेकंदांनी गिळा आणि तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. हा बाहेर जाणारा श्वास सगळ्यात महत्त्वाचा. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला बराच भाग घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या: गोड, कडू, आंबट एवढंच कळेल. चिमूट सोडा, केळं किंवा कॉफी एकदम उगवेल.

वाइन चाखणारे थुंकतात. बिअर गिळावीच लागते, कारण कडूपणा किती रेंगाळतो हे गिळल्यावरच समजतं. म्हणूनच घोट लहान ठेवायचे.

तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: सुरुवातीला काय लागलं, मध्ये काय, आणि गिळल्यानंतर दहा सेकंदांनी काय उरलं.

इथे चुकतं: कडू, तुरट, करपट आणि आंबट हे चारही ‘कडू’ या एकाच खात्यात जमा होतात. घरी एकदा सराव करा. भिजवलेला मेथीदाणा चावा: हा कडू. बिनदुधाचा चहा दहा मिनिटं उकळून गार करा आणि प्या: थोडा कडूपणा असेलच, पण हिरड्या आवळतात आणि जीभ खरखरीत होते, ते तुरट. भाकरीचा करपलेला पापुद्रा: करपट. ताक: आंबट. आता आयपीएकडे वळा. चांगल्या आयपीएमध्ये कडूपणा असतो आणि तुरटपणा जवळजवळ नसतो. हिरड्या आवळल्या तर ते वेगळं लिहा. स्टाउटच्या शेवटी येणारा कडूपणा बहुतेक वेळा भाजलेल्या जवाचा असतो, हॉप्सचा कमी.

पाणी, पावाचा तुकडा, मिनिटभर थांबा, मग दुसरा घोट. पहिल्या घोटावर कधीही निकाल देऊ नका. आधी तोंडात जे होतं त्याचा परिणाम त्यात असतो.

## टप्पा ९: तोंडात कशी बसते

हे चवीत मिसळू नका, वेगळी ओळ करा. पातळ की भरीव? बुडबुडे टोचतात की मऊ आहेत? घशाखाली ऊब जाणवते का? ऊब म्हणजे अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये ती जाणवली तर काहीतरी गडबड आहे. गिळल्यावर तोंड कोरडं पडतं की चिकट राहतं?

‘स्मूद’ हा शब्द वहीत दिसला तर खोडा. कडूपणा कमी आहे म्हणून, बुडबुडे कमी आहेत म्हणून, की ओट्समुळे मलईदार झाली आहे म्हणून? जे असेल ते लिहा.

## टप्पा १०: शब्द शोधा, रुंदाकडून अरुंदाकडे

आता कच्च्या नोंदींची नीट नोंद करायची. एकदम नेमका शब्द शोधायला गेलात की अडकाल, नाहीतर कुठल्यातरी इंग्रजी लेबलावरचा शब्द उचलाल. पायरीपायरीनं उतरा. ‘फळ’ लिहिलंय? आंबटगटातलं की गोड? गोड. ताजं की पिकून मऊ झालेलं? मऊ. कुठलं? केळं. कसलं केळं? साल काळवंडून ठिपके पडलेलं, शिकरणासाठी ठेवतो तसं. इथे थांबा, यापुढे कल्पना सुरू होते.

शब्द आपल्या स्वयंपाकघरातले आणि बाजारातले घ्या. कुठलं साहित्य साधारण काय देतं, हे माहीत असलं की उतरणं सोपं जातं:

- माल्ट: पाव, खारी बिस्कीट, मध, काकवी, चिक्की, खजूर, जास्त भाजलेला असेल तर कॉफी, कोको, करपलेली भाकरी.
- हॉप्स: मोसंबीची साल, पपनस, आंबा, लिची, ताजं कापलेलं गवत, फुलं, मिरी, धुपाची न जाळलेली राळ. सिट्रा या जातीत आंबा-लिची-पपनस, तर चेक साझमध्ये गवत-फुलं-मसाला.
- यीस्ट: केळं, लवंग, नासपती, मिरी. केळ्याचा वास आयसोअमिल अॅसिटेट या संयुगाचा, लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायकॉलचा.
- वरून घातलेलं: धणे, संत्र्याची साल, कोकम, उन्हाळ्यात आंबा.

हेफेवायझनची वाईट नोंद अशी असते: ‘फ्रूटी, स्मूद, रिफ्रेशिंग.’ ही उन्हाळ्यातल्या कुठल्याही सरबतालाही लागू पडेल. कामाची नोंद अशी:

*वास: ठिपके पडलेलं केळं, मागून हलकी लवंग, ओल्या कणकेचा थोडा. हॉप्स नाही. चव: सुरुवातीला पावाच्या आतल्या पांढऱ्या भागाचा गोडसरपणा, मध्ये केळं, शेवटी लवंग आणि लिंबाची पुसट आंबट झाक. कडूपणा जेमतेम. तोंडात: भरीव, फेसाळ, बुडबुडे भरपूर. शेवट चटकन कोरडा.*

खाली वेगळ्या ओळीत *मत: केळं लवंगेपेक्षा फार वरचढ, मला दोन्ही सारखी आवडतात.* मत शेवटी आणि एकाच ओळीत.

तपासा: ही नोंद टेबलावरच्या दुसऱ्याला वाचून दाखवा, बिअरचं नाव न सांगता. चार ग्लासांतून त्याला ती ओळखता आली तर नोंद झाली. नाही आली तर कुठला शब्द पोकळ आहे ते तिथेच सापडतं.

## टप्पा ११: दोष आहे की शैलीच तशी

‘मला आवडली नाही’ आणि ‘बिअर बिघडली आहे’ यांत फरक आहे. हे वास नाकात बसवून ठेवा:

बटर पॉपकॉर्नचा वास आणि जीभ तेलकट: डायअॅसिटिल. आंबवण अर्धवट राहिलंय, नाहीतर टॅपची नळी अस्वच्छ आहे. उकडलेला मका: डीएमएस, फिकट लागरमध्ये पुसट असला तर चालतो, व्हीटमध्ये किंवा आयपीएत नाही. कच्चं हिरवं सफरचंद: अॅसिटाल्डिहाइड, बिअर घाईनं काढली. भिजलेला पुठ्ठा: जुनी झाली, हवा लागली. जुनं चीज किंवा घामट मोजे: हॉप्स शिळे. बँडेज, दवाखाना: बहुतेकदा पाण्यातल्या क्लोरीनची करामत. व्हिनेगर: जंतुसंसर्ग. गोजे किंवा अन्य आंबट बिअर आंबट असणारच, पण तिथला आंबटपणा दह्याकडे झुकणारा हवा, व्हिनेगरसारखा नाकात झोंबणारा नको.

आणखी एक दोष घरीच करून बघता येतो. साध्या लागरचे दोन काचेचे ग्लास भरा. एक गॅलरीत उन्हात ठेवा, दुसरा तितकाच वेळ सावलीत. अर्ध्या तासानं दोन्हींचा वास घ्या. उन्हातल्याला जळकं रबर आणि लसूण यांच्या मधला एक घाणेरडा वास लागलेला असेल. उजेडानं हॉप्समधली संयुगं फुटतात म्हणून हे होतं. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून तो उजेड सहज आत शिरतो, तपकिरी काच बराच अडवते, कॅनमध्ये प्रश्नच नाही. दुकानाच्या दर्शनी भागात, ट्यूबलाइटखाली उभ्या असलेल्या हिरव्या बाटल्या घेताना हे आठवा.

टॅपरूममध्ये दोष वाटला तर ‘बेकार आहे’ म्हणू नका. ‘यात बटरचा वास येतोय, एकदा बघता का?’ असं म्हणा. ब्रुअर जागेवर असेल तर तो स्वतः चाखून बघतो, कारण त्यातून त्याला नळी तपासायची की टाकी, हे समजतं.

## टप्पा १२: उलट तपासणी

चारही झाल्यावर अर्ध्या तासानं प्रत्येकीचा उरलेला घोट पुन्हा घ्या, आता ती कोमट होत आलेली असताना. लपलेला गोडवा, अल्कोहोलची ऊब आणि दोष आता उघडे पडतात. स्टाउट बहुधा सुधारते, लागर बहुधा उतरते. आधीची ओळ खोडू नका. खाली नवी लिहा.

पुढच्या वेळी बसाल तेव्हा तीन ग्लासांची परीक्षा घ्या. एकाला बाहेर पाठवून दोन ग्लासांत एकच बिअर आणि तिसऱ्यात तिच्याच शैलीतली दुसरी ओता. खाली चिठ्ठ्या चिकटवा आणि डोळे मिटून वेगळी कुठली ते त्याला ओळखायला लावा. निव्वळ अंदाजानंही सरासरी तिनांतून एकदा बरोबर येतंच, म्हणून एकदा जमलं तर ते धरू नका. ग्लासांच्या जागा बदलून पाच-सहा फेऱ्या करा. ज्या दोन बिअरमधला फरक सांगताना वहीत पानभर लिहिलं होतं, त्याच या परीक्षेत ओळखता आल्या नाहीत, तर त्या पानावर परत जा आणि जे शब्द पुन्हा चाखताना सापडत नाहीत ते खोडून टाका.